एकही दाणा न सांडता

सरफराज शेख कमी बोलणारा माणूस. बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर तो दुपार घालवेल, पण काय बिघडलं हे कोणाला सांगणार नाही, अशी त्याची भद्रावतीत ख्याती होती. ही चांगली सवय त्यानं आयुष्यात एकदाच मोडली. २००९ सालच्या मे महिन्यात, शिक्षण संस्थेच्या बैठकीत, खोलीतल्या कूलरचं पाणी संपलेलं असताना. उन्हानं माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यात तरी ते खोटं नाही.

बैठकीत विषय होता जुन्या मशीनचा. तेव्हा आधी ती मशीन समजून घ्या, नाहीतर पुढे माझ्यावर डाफराल.

संस्थेच्या जुन्या इमारतीत मागच्या खोलीत ती असायची. सरफराज तिला सर्व्हर म्हणे, बाकी सारे मशीन म्हणत. मशीन एकच, पण तिच्या पोटात सरफराजनं चार कप्पे केले होते आणि प्रत्येक कप्प्याला वाटायचं की अख्खी मशीन आपलीच आहे. एका घरात चार भाडेकरू ठेवावेत आणि चौघांनीही दारावर आपापली पाटी ठोकावी, तसा प्रकार. एका कप्प्यात भद्रावतीचं कॉलेज, दुसऱ्यात आलापल्लीचं हायस्कूल, तिसऱ्यात एटापल्लीची आश्रमशाळा आणि चौथ्यात हेड ऑफिसची आस्थापना, म्हणजे साऱ्या नोकरवर्गाच्या ऑर्डरी, पगार आणि रजा. ह्या कप्प्यांना कंटेनर म्हणतात, असं त्यानं एकदा अध्यक्षांना समजावलं. अध्यक्ष बापूजी निखाडे मूळचे धानाचे शेतकरी. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे डबे.” झालं. तेव्हापासून संस्थेत ते डबेच.

तर मशीन म्हातारी झाली होती. उन्हाळ्यात तापायची, म्हणून तिच्यासमोर एक कूलर लावलेला. त्यात पाणी भरायचं काम आशाबाईंकडे. आशाबाई संस्थेच्या शिपाई. बापूजींच्या धानाच्या कोठीत पहिली शाळा भरली तेव्हापासून त्या संस्थेत झाडू मारत होत्या, आणि अध्यक्षांना ‘बापू’ म्हणायची परवानगी असलेल्या त्या एकट्याच. दसऱ्याला त्या मशीनला झेंडूची माळ घालत. एकदा मशीन बंद पडली आणि पगार लांबला, तेव्हापासून गुरुवारी उदबत्तीही सुरू झाली. सरफराज म्हणे, “बाई, धूर आत जाते.” बाई म्हणत, “आत जावा म्हणूनच लावतो जी.”

बैठकीत बापूजी म्हणाले, “नव्या इमारतीत नवी मशीन घेऊ. पण हे डबे तिकडं न्याचे कसे? गाडी लागन का?”

सरफराजनं तिथे फक्त “नाही लागणार” एवढं म्हणून बसायचं होतं. पण कूलरमधलं पाणी संपलेलं. तो म्हणाला, “बापूजी, एका रविवारात नेतो. सोमवारी कोणाले पत्ता बी नाई लागणार.”

“एकही दाणा न सांडता?”

“एकही दाणा न सांडता.”

बापूजींनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला आणि टोपी परत घातली. “तसं झालं तर एक जुलैपासून तू कायम.”

आता ह्या ‘कायम’ शब्दाचं वजन ज्याला कळत नाही, तो एकतर कायम झालेला असतो किंवा मालदार. सरफराज संस्थेत लागला तेव्हापासून त्याला दर जूनमध्ये अकरा महिन्यांची ऑर्डर मिळे. मग एक महिना तो संस्थेचा कोणीच नसे, पण कामाला मात्र रोज येई, कारण मशीनला तो कोणीच नसलेला चालत नसे. त्याचा मेहुणा आरिफ आयुध निर्माणीत कायम. कॉलनीत क्वार्टर, क्वार्टरसमोर बाग, बागेत गुलाब. दर जूनमध्ये तो सहज भेटायला येई आणि चहाचा पहिला घोट घेऊन विचारी, “भाईजान, रिन्यू हुआ?” घरच्या गॅसची टाकी भरली का विचारावं तसं. सरफराजच्या मनाला ते इतकं लागे की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

म्हणून त्यानं घरी बायकोला, आयशाला, बैठकीचं सांगितलं तेव्हा बजावलं की हे अजून कोणाला कळता कामा नये. आयशानं कोणाला सांगितलं नाही. पण ओट्यावर बसून शफीभाई ऐकत होते.

शफीभाई सरफराजचे वडील. बस स्टँडजवळ त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मोबाइल आल्यापासून घड्याळं कमी आणि गप्पा जास्त, त्यामुळे बातमी चंद्रपूरच्या पहिल्या बसनं गेली म्हटलं तरी चालेल. त्यांनी मुलाला सल्लाही दिला. “बेटा, पहले पुरानी बंद करजो, फिर नवी चालू. एका घरात दोन घड्याळं चालू ठेवली का भांडण होते. मी जिंदगीभर पाह्यलं.”

सरफराजला हसू आलं. कुठे घड्याळ आणि कुठे सर्व्हर. वडिलांच्या सल्ल्याला हसलेला मुलगा पुढे काय भोगतो, ते मी सांगायला नको.

शेजारचे इसरूभाऊ तर दुसऱ्याच दिवशी दोर आणि बांबू घेऊन हजर झाले. कोळसा खाणीतून निवृत्त झालेला माणूस. जड वस्तू हलवायची म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरे. “सर, वजन उचलताना पाठ नाई वाकवाची. गुडघे वाकवाचे.”

“भाऊ, आपण मशीन नाई उचलून राह्यलो. आतलं सामान वायरीतून जाणार आहे.”

“वायरीतून?” इसरूभाऊंनी विचार केला. “मग वायर जाड घेजा.”

तेवढ्यावर ते थांबतील तर शेजारी कसले. त्यांनी बांबू सरफराजच्या अंगणातच ठेवला, लागेल म्हणून.

नवी मशीन आली आणि खोक्यातच बसून राहिली. कारण कार्यालय अधीक्षक प्रवीण बोरकुटे. बोरकुटे साहेबांचं म्हणणं, जी वस्तू साठा रजिस्टरला चढली नाही ती वस्तू संस्थेत आलीच नाही. चढवायची तर तिची तपासणी समितीनं पाहणी करायला हवी. समितीतले एक सर उन्हाळी सुटीत मामाच्या गावी, दुसऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शेवटी डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले सर रिक्षातून आले आणि त्यांनी मशीनला हात लावून पाहणी केली. “चांगली गुळगुळीत आहे,” असा शेरा पडला आणि मशीन रजिस्टरला चढली.

मग कळलं की तिच्या वायरीची पिन जाड आणि नव्या इमारतीतलं भोक बारीक. भोक बदलायचं तर ते ‘बांधकाम’ ह्या सदरात येतं की ‘विद्युत’ ह्या, यावर टिपणी सुरू झाली. सरफराजनं गुपचूप बाजारातून सॉकेट आणून स्वतः बसवलं. बोरकुटे साहेबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाबाहेर त्याला श्वास घेता येत नसे.

शेवटचा अडथळा त्यांनीच सांगितला. “सर, डबे न्या. पण जुन्या मशीनच्या वायरी काढायच्या नाईत. त्या जुन्या इमारतीच्या साठ्यात आहेत. निर्लेखन झाल्याबिगर एक बी वायर जागची हलली, तर ऑडिटमध्ये मी काय सांगू?”

निर्लेखन म्हणजे वस्तू कायदेशीर भंगारात काढणं. त्याला वर्षं लागतात. सरफराज म्हणाला, “राहू द्या वायरी. बटणानं बंद केली म्हणजे झालं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

जूनमधला एक रविवार ठरला. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायला मधे पटांगण आणि पटांगणात कडुलिंबाचं झाड. वायर झाडावरून न्यावी लागणार होती, आणि ती उंच धरायला बांबू लागला. इसरूभाऊ बांबू घेऊन गेटवर उभेच होते. चेहऱ्यावर असं समाधान की पाहणाऱ्याला लाज वाटावी.

पहिला डबा, कॉलेजचा, निघाला तोच वीज गेली. जिल्ह्याच्या विजेवर अर्धा महाराष्ट्र उजळतो, वीज केंद्राच्या चिमण्या चंद्रपूरकरांना घरच्या गच्चीवरून दिसतात, आणि भारनियमनही आमच्याच वाट्याला. सरफराजला ह्याची सवय होती. म्हणूनच त्यानं पूर्वी कधीतरी जुन्या मशीनला शिकवून ठेवलं होतं की बटण दाबताच चारही डबे आपोआप उघडायचे, कोणाची वाट पाहायची नाही. मशीन गुणी होती. तेवढं ती कधी विसरली नाही. विसरला तो सरफराज.

वीज आली, पहिला डबा पोचला. दुसरा निघाला तो एक लंगूर येऊन वायरीवर बसला. मोठा, काळ्या तोंडाचा, शेपटी खाली सोडून निवांत. इसरूभाऊंनी बांबू हलवला. लंगुराला तो झोका वाटला. त्यानं आपल्या घरच्यांना बोलावलं. आलापल्लीचं अख्खं हायस्कूल, पोरं आणि गुणपत्रिकांसकट, लंगुरांच्या कुटुंबाखालून पार झालं तोवर सरफराजनं वायरीवरून नजर हटवली नाही. तिसऱ्या डब्याच्या वेळी कोणाची तरी बकरी खालची वायर चघळू लागली. चौथ्याच्या वेळी काहीच झालं नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

ऊन उतरता उतरता चारही डबे नव्या मशीनमध्ये होते. सरफराजनं जुन्या मशीनचं बटण दाबून ती बंद केली. तिचे हिरवे दिवे विझले. इतकी वर्षं त्या खोलीत जो घरघराट होता तो थांबला आणि खोली एकदम ओकीबोकी वाटली. आशाबाई दारात उभ्या होत्या. “बंद केली?”

“हाव बाई. आता तिले आराम.”

बाई आत आल्या. पदरानं त्यांनी मशीनवरची धूळ पुसली.

सोमवारी कोणालाच पत्ता लागला नाही. कॉलेजात फिया भरल्या गेल्या, आलापल्लीत दाखले निघाले, एटापल्लीचा फोन जिवंत होता तेवढा वेळ आश्रमशाळेचंही काम झालं. सरफराज दिवसभर ऑफिसात ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. कोणी काही म्हणेल, निदान “अरे वा, आज वेगळं वाटून राह्यलं” एवढं तरी. कोणी म्हणालं नाही. कोणाला कळणार नाही अशी फुशारकी त्यानंच मारली होती, आणि खरोखर कोणाला कळलं नाही म्हणून तोच खट्टू होऊन घरी गेला. आयशा म्हणाली, “मग एखादा डबा सांडायचा होता.”

आस्थापनेच्या टेबलावर उर्वशी मॅडम होत्या. त्याच आठवड्यात एका दुपारी त्या त्याच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सर, पेढे कधी? बापूजींनी आज सकाळी सकाळीच तुमच्या कायमचं बटण दाबलं. आता एक जुलैले ऑर्डर छापून निघते.”

बापूजी सकाळी सिरोंच्याला नात्यातल्या लग्नाला निघाले होते. निघण्याआधी ते ऑफिसात आले, चप्पल बाहेर काढली, मॅडमनी दाखवलेलं मंजुरीचं बटण एका बोटानं दाबलं आणि चप्पल घालून निघून गेले. असा कायम होतो माणूस. सरफराजच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो कीबोर्डावर फुंकर मारत बसला.

शफीभाईंनी त्या संध्याकाळी जिलेबी वाटली. दुकानासमोर, बस स्टँडवर, थेट आयुध निर्माणीच्या कॉलनीपर्यंत. आरिफच्या घरी ते स्वतः गेले. “हमारा भी पर्मनंट,” म्हणाले, आणि गुलाबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि इथून फिरलं.

आलापल्लीच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. “सर, सकाळी आठवीत प्रवेश दिलेले पोट्टे दुपारी दिसून नाई राह्यले.”

“वर्गात?”

“वर्गात बसून आहेत. मशीनीत नाईत.”

सरफराजनं नवी मशीन उघडली. खरंच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सर फोनवर. “आले बाप्पा, आले. आता कालच्या दुपारचे गेले.” कॉलेजात एका पोरीनं फी भरल्याची पावती दाखवली आणि मशीन म्हणे अशी पोरगीच नाही. पोरगी रडकुंडीला. एटापल्लीचे गेडाम सर शांत स्वभावाचे. ते एवढंच म्हणाले, “सर, आमच्या जंगलात बी माणूस हरवते, पण दुपारीच हरवते असं नाई.”

सरफराजनं नवी मशीन तपासली, पुन्हा तपासली. काही सापडेना. त्याला झोप लागेना, घास उतरेना. एक जुलै जवळ येत होती आणि दाणे तर सांडत होते. बापूजींच्या कानावर गेलं तर? जिलेबी खाल्लेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा त्याला आठवू लागला. आणि गावात जिलेबी न खाल्लेला कोणी नव्हता. इसरूभाऊंनी निदान केलं, “लंगुराची नजर लागली.” शफीभाईंनी पीरबाबाच्या दर्ग्यावरून धागा आणला आणि तो नव्या मशीनला बांधायला सांगितलं. सरफराज शिकलेला माणूस. त्यानं नकार दिला आणि मग कोणी नसताना बांधला.

आयशानं चहा देताना विचारलं, “जुनी मशीन बंदच आहे ना?”

सरफराजला राग आला. “मी स्वतः बंद केली. ह्या हातानं.”

“तुम्ही केली हो. मी विचारून राह्यले, आहे का?”

बायकोनं असं विचारलं की माणूस ताबडतोब उठून पाहायला जात नाही. तो दोन दिवस फुगून बसतो. सरफराजही बसला. मग एका संध्याकाळी तो ऑफिसातून निघाला, बाजारापर्यंत गेला आणि जेवणाचा डबा टेबलावरच राहिला म्हणून परत फिरला. पटांगणातून जाताना त्याला जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत हिरवा उजेड दिसला. आणि ओळखीचा घरघराट.

दारातून पाहतो तर मशीन चालू. चारही दिवे लुकलुकताहेत. समोर आशाबाई, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून.

“बाई,” सरफराज म्हणाला. “हे काय करून राह्यल्या?”

“दिवा लावला जी.” बाई शांत. “जुन्या घरातून सामान नेलं म्हणून घर असं एकाएकी अंधारात टाकतेत का कोणी? सव्वा महिना तरी सांजेले दिवा लावा लागते. नाई तं घराले वाईट वाटते, अन् नव्या घरात बी सुख नाई लागत. तुमच्यात नाई लावत का?”

“रोज लावता?”

“तुमी बंद केली त्या दिवसापासून. सांजेले लावतो, दुसऱ्या दिवशी दुपारी झाडायले आली का बंद करतो. दिवसा दिवा कायले जाळाचा? बिल येते संस्थेले.”

सरफराज खाली बसला. जमिनीवरच. सगळं एका क्षणात समजलं. बाई बटण दाबणार, गुणी मशीन शिकवल्याप्रमाणे चारही डबे उघडणार. वायरी सगळ्या जागच्या जागी, कारण निर्लेखन झालेलं नाही. डबे नेले म्हणजे त्यांची हुबेहूब नक्कल नेलेली, मूळ डबे जुनीच्या पोटात तसेच, म्हणून दोन्ही मशीनना पत्ता एकच. एका पत्त्यावर दोन घरं असली तर पोस्टमन ज्याच्या दारात आधी पोचेल तिथे पत्र टाकणार. संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत अर्धी संस्था नव्या मशीनमध्ये लिहीत होती आणि अर्धी जुन्या. दुपारी बाई झाडू मारायला येत, आणि जुन्यातली पोरं अंधारात जात. अब्बांचं घड्याळाचं बोलणं त्याला आठवलं, आणि आपण हसलो होतो तेही.

बाईंवर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण काय म्हणून ओरडणार? त्याच्या अम्मीनंही जुनं घर सोडताना तिथल्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी पेटती ठेवली होती. त्यानं बाईंना एवढंच सांगितलं की आता काही दिवस हा दिवा अजिबात विझवायचा नाही, दुपारीही नाही. बाईंना ते पटलं. नव्या पिढीला उशिरा का होईना, समजलं म्हणून.

मग त्यानं जुन्या मशीनला वेगळा पत्ता दिला आणि तिच्यात सांडलेले दाणे एकेक करून वेचायला सुरुवात केली. आलापल्लीचे आठवीचे पोट्टे सापडले. रडणारी पोरगी सापडली, फीसकट. एटापल्लीची हरवलेली माणसं सापडली. तो एकेकाला उचलून नव्या मशीनमध्ये ठेवत होता आणि जीव भांड्यात पडत होता. शेवटी त्यानं आस्थापनेचा डबा उघडला. तिथे सांडलेली नोंद एकच होती. शेख सरफराज शफी, संगणक निदेशक, कायम. मंजुरी: अध्यक्ष.

नव्या मशीनमध्ये पाहिलं. शेख सरफराज शफी, संगणक निदेशक, तात्पुरता.

उर्वशी मॅडमनी सकाळी नोंद केली होती. बापूजींनी सकाळीच बटण दाबलं होतं. आणि दुपारी आशाबाईंनी झाडू मारला होता.

आता पेच पाहा. नोंद नव्या मशीनमध्ये हवी, तर दाणे सांडले हे कबूल करावं लागणार. आणि दाणे सांडले तर कायम कसलं? ज्या अटीवर तो कायम झाला, ती अट मोडल्याचा पुरावा म्हणजे त्याचंच कायम होणं.

आयशा म्हणाली, “शेकड्यानं पोट्टे उचलून ठेवले ना? त्याच्यात आपलं एक ठेवून द्या.”

“स्वतःच्या हातानं स्वतःले कायम करू?”

“मग कोणाच्या हातानं होणार?”

“ज्याचा शब्द आहे त्याच्या.”

आयशाला रागही आला आणि हा माणूस आपला आहे ह्याचं बरंही वाटलं. तिनं त्याला भाकरी जास्तीची वाढली.

उर्वशी मॅडमना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, “मी दुसऱ्यांदा कशी करू सर? एक माणूस दोनदा कायम कसा, असं ऑडिटवाला विचारन. अन् बापूजी विचारतीन ते वेगळंच.”

बापूजी लग्नाहून परतले तसा सरफराज त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. बोरकुटे साहेब शेजारीच होते. सरफराजनं सगळं सांगितलं. दिवा, वायरी, सांडलेली पोरं, वेचलेली पोरं आणि न वेचलेली एक नोंद. आशाबाईंचं नाव सांगताना मात्र तो अडखळला. तेव्हा दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या आशाबाई स्वतःच म्हणाल्या, “मीच लावला बापू. कोठीतून शाळा हलवली तवा बी मीच लावला होता. तवा तं तुमी नाई बोलले.”

बापूजींना ते आठवलं असावं. त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. “सांडलं खरं,” म्हणाले. “पण खळ्यातच सांडलं. बाहेर नाई गेलं. अन् सगळं वेचून घेतलं ह्यानं, आपलं सोडून.”

सरफराज एक पाऊल पुढे सरकला. “मग बापूजी, नव्या मशीनीत पुन्हा एकदा बटण…”

“नाई.” बापूजींनी टोपी घातली. “शब्द एकदा देल्ला. बोट एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं तर पह्यलं खोटं होते. माझा शब्द जुन्या मशीनीत आहे ना? तर तिथीच राहीन.”

मार्ग सुचला तो बोरकुटे साहेबांना. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो उजळला. त्यांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. आस्थापनेचा डबा जुन्या मशीनमध्येच मूळ समजण्यात यावा. सदर मशीनचं निर्लेखन शेख सरफराज यांच्या निवृत्तीपर्यंत करण्यात येऊ नये. नव्या मशीनमध्ये सदर कर्मचारी तात्पुरते असल्यास हरकत नाही.

“म्हणजे मी कायम आहे का नाई?” सरफराजनं विचारलं.

“जुनी मशीन चालू आहे तोवर, पूर्ण कायम,” बोरकुटे म्हणाले.

तर एक जुलैला ऑर्डर निघाली ती जुन्या मशीनमधून. तीन डबे नव्या इमारतीत थंड हवेत राहिले. चौथा, जो नेण्यासाठी एवढा खटाटोप, तो परत म्हातारीच्या पोटात. आरिफ चहाला आला. “भाईजान, रिन्यू…” म्हणून थांबला. सरफराजनं ऑर्डर त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि साखर कमी झाली म्हणाला. सरफराज त्या दिवशी पोटभर जेवला.

पण वीज गेली की त्याचा जीव खालीवर होऊ लागला. दुपारी तो स्वतः कूलरमध्ये पाणी भरू लागला. गुरुवारच्या उदबत्तीबद्दल तो काही म्हणेनासा झाला, आणि नव्या मशीनचा दर्ग्यावरचा धागा एक दिवस जुन्या मशीनला बांधलेला दिसला. कोणी बांधला ते कोणी विचारलं नाही.

जुलैतल्या एका संध्याकाळी आशाबाई मागच्या खोलीत आल्या. बाहेर पाऊस लागला होता. सरफराज खोक्यावर बसून मशीनचे दिवे पाहत होता.

“सव्वा महिना झाला जी आज,” बाई म्हणाल्या. “झालं आता. घराचं मन भरलं. विझवतो दिवा.” आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

सरफराज उठून मधे उभा राहिला. दोन्ही हात पसरून.

“बाई, हात नका लावू. मी आहे त्याच्यात.”

आशाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनी सांगितलं नाही.